ऑपरेशनचा रुग्ण, रक्ताची गुठळी आणि रक्तस्राव: तालुक्याच्या दवाखान्यात दोन्ही कसं सांभाळायचं

केसपेपरवर ‘एनॉक्सापॅरिन ४० मि.ग्रॅ. चामडीखाली’, म्हणजे गुठळी टाळायचं इंजेक्शन, एवढं लिहिलेलं असतं. इंजेक्शन किती वाजता टोचलं, मणक्यात भुलीची सुई किती वाजता गेली, रक्त पातळ करणाऱ्या ॲसिट्रॉमची शेवटची गोळी कोणत्या रात्री घेतली, हे बहुतेक वेळा कुठंच सापडत नाही. गुठळी टाळणारं औषध आणि रक्तस्राव वाढवणारं औषध एकच असतं. त्याने भलं होईल की नुकसान, हे डोसइतकंच वेळेवर ठरतं. म्हणून या लेखात घड्याळ वारंवार येईल.

लेख ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि तालुक्याच्या खासगी दवाखान्यांतले डॉक्टर व सिस्टर यांच्यासाठी आहे. पाय हलवण्याचा आणि सुट्टीनंतरचा भाग नातेवाइकांनीही वाचावा. डोस मात्र उपचार करणाऱ्यांसाठी आहेत. घरी कोणी स्वतःच्या मनाने गोळी सुरू किंवा बंद करू नये.

गुठळी कुठे आणि केव्हा

पोटरीच्या आणि मांडीच्या खोल शिरांत रक्त साकळतं, त्यातला तुकडा सुटून फुप्फुसात अडकला की रुग्ण मिनिटांत जाऊ शकतो. रक्त संथ वाहणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची ओढ वाढणं ही त्याची तीन कारणं. मोठ्या ऑपरेशनमध्ये तिन्ही एकत्र येतात. विदर्भात त्यात पाण्याची कमतरता मिसळते. मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडचा माणूस ४५ अंशांत जीपने दवाखान्यात पोहोचतो तेव्हा तो आधीच सुकलेला असतो.

धोका टाके काढले की संपत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर तो साधारण ५ आठवडे, पोटातल्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ४ आठवडे आणि बाळंतपणानंतर ६ आठवडे टिकतो. म्हणजे बऱ्याच गुठळ्या रुग्ण गावी गेल्यावर होतात, जिथे पाहणारं कोणी नसतं.

औषधांची थैली उपडी करा

‘रक्त पातळ करायची गोळी घेता का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नाही जी, फक्त बीपीची अन् हार्टची.’ त्या ‘हार्टच्या’ एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोर्वास्टॅटिन तिन्ही असू शकतात, आणि त्यांतली पहिली दोन रक्त पातळ करणारीच असतात. म्हणून नुसतं विचारून थांबू नका, थैलीच मागवा. पाकिटं टेबलावर मांडा आणि मागचं बारीक अक्षरातलं घटकांचं नाव वाचा. जनऔषधीच्या पाकिटावर ओळखीचं ब्रँडनाव नसतं, तिथे तर हे लागतंच. पट्टी कापून दिलेली असेल आणि नाव गेलं असेल तर मेडिकलवाल्याला फोन करा. या पाच मिनिटांइतकी स्वस्त खबरदारी दुसरी नाही.

गुडघेदुखीच्या पुड्या वेगळ्याने विचाराव्या लागतात, कारण रुग्ण त्यांना औषध मानत नाही. त्यांत डायक्लोफेनॅक असतं, कधी स्टेरॉइड असतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन २-३ दिवस आधी थांबवा. घटक माहीत नसलेली पूड ठरवून करायच्या ऑपरेशनपूर्वी निदान आठवडाभर बंद ठेवा. मात्र पुड्या बरेच महिने चालू असतील तर त्यांत स्टेरॉइड असल्याचं धरून भूलतज्ज्ञाला आधी सांगा, नाहीतर टेबलवर बीपी कोसळेल. बायकांना गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल आणि सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांबद्दल विचारा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या मोठ्या ऑपरेशनच्या ४ आठवडे आधी बंद करता आल्या तर उत्तम, पण त्या काळासाठी दुसरा उपाय हातात देऊनच.

मग रक्तस्रावाचा इतिहास. ‘रक्त जास्त जातं का?’ याला सगळे ‘नाही’ म्हणतात. नेमके प्रश्न विचारा: दात काढल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत रक्त आलं होतं का? पाळीत दर एक-दोन तासांनी कपडा किंवा पॅड बदलावं लागतं का? बाळंतपणात रक्त चढवलं होतं का? मार न लागता काळेनिळे डाग येतात का? आईकडच्या कोणा पुरुषाचे सांधे रक्ताने सुजतात का? यांतल्या एकालाही ‘हो’ आलं तर प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) आणि पीटी-आयएनआर, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या चाचण्या) करून घ्या. सगळ्यांना ‘नाही’ आलं, यकृत ठीक आहे आणि रक्त पातळ करणारं औषध नाही, तर छोट्या ऑपरेशनसाठी पीटी-एपीटीटीचा आग्रह धरू नये. त्या चाचण्या ॲस्पिरिनचा परिणाम दाखवत नाहीत आणि एनॉक्सापॅरिनचाही भरवशाने दाखवत नाहीत.

प्लेटलेट मोठ्या ऑपरेशनला ५०,००० च्या वर हव्यात, मेंदू किंवा डोळ्याच्या मागच्या भागाच्या ऑपरेशनला १ लाख. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे दिवस असतात. ताप येऊन गेलेल्या रुग्णाची जुनी प्लेटलेट संख्या धरून चालू नका, त्याच दिवशी पुन्हा करा.

हिमोग्लोबिन आधीच वाढवा

गर्भपिशवीच्या ऑपरेशनला येणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन ७-८ असणं आपल्याकडे नवल नाही. अशा बाईला ४०० मिली रक्तस्राव झेपत नाही, आणि तो झाला की गुठळीचं इंजेक्शन द्यायला सगळे घाबरतात. म्हणून अशक्तपणावर उपचार हाही गुठळी टाळण्याचाच भाग आहे. ऑपरेशनला ३-४ आठवडे असतील तर शिरेतून लोह द्या: आयर्न सुक्रोज २०० मि.ग्रॅ. १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये अर्ध्या तासात, एक दिवसाआड, एकूण गरज वजन आणि हिमोग्लोबिनवरून काढून. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एक पिशवी चढवून आकडा सुधारल्याचं समाधान मिळतं, हाती फार काही लागत नाही. रुग्ण स्थिर असेल तर रक्त चढवायची मर्यादा ७ ग्रॅम, हृदयरोगी आणि हाडांच्या ऑपरेशनचा रुग्ण असेल तर ८.

निगेटिव्ह गट असेल तर रक्त साठवणूक केंद्राच्या फ्रिजवर विसंबू नका. जिल्ह्याच्या रक्तपेढीतून पिशवी हातात आल्यावरच रुग्ण टेबलवर घ्या.

गुण मोजा, वजन करा, क्रिएटिनिन नीट वाचा

गुठळीचा धोका मोजायला २००५ ची कॅप्रिनी यादी सोपी आहे. वय ४१ ते ६० ला १ गुण, ६१ ते ७४ ला २, ७५ आणि पुढे ३. ४५ मिनिटांपेक्षा लांबलेलं ऑपरेशन, दुर्बिणीचं असलं तरी, २. लठ्ठपणा, पायावर सूज, फुगलेल्या शिरा, नुकतं बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, महिन्याभरातला जंतुसंसर्ग यांना प्रत्येकी १. कॅन्सर, ७२ तासांपेक्षा जास्त अंथरुणाला खिळणं, पायाला प्लास्टर यांना प्रत्येकी २. आधी गुठळी झालेली असेल किंवा घरात कोणाला झालेली असेल तर ३. खुबा, कंबरेचं हाड किंवा पाय मोडला असेल, महिन्याभरात लकवा झाला असेल तर थेट ५.

शून्याला लवकर चालवणं पुरे. १-२ ला पायाचे यांत्रिक उपाय (हवेने दाब देणारं मशीन किंवा दाबाचे मोजे). ३-४ ला इंजेक्शन किंवा यांत्रिक उपाय, रक्तस्रावाचा धोका पाहून. ५ आणि पुढे दोन्ही. तरुण माणसाच्या हर्नियाला रोज एनॉक्सापॅरिन देणं आणि मांडीचं हाड मोडलेल्या आजीला काहीच न देणं, या दोन्ही चुका एकाच दवाखान्यात दिसतात. गुण मोजले तर दोन्ही टळतात.

आता वजन. ते अंदाजे लिहू नका, काट्यावर करा. उठता येत नसेल तर नातेवाइकांकडून अलीकडचं वजन घ्या. आपल्याकडे ४० किलोचे प्रौढ पुष्कळ आहेत आणि ४० मि.ग्रॅ.चा ठरलेला डोस त्यांच्यासाठी बेताचा नसतो. ५० किलोच्या खाली २० मि.ग्रॅ.चा विचार करा.

क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, आकडा एकटा फसवतो. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता अशी काढा: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन). बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. खुबा मोडलेल्या आजी, वय ७०, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन १.२. वर ७० गुणिले ४२ म्हणजे २९४०, खाली ८६.४, उत्तर ३४, आणि ०.८५ ने गुणल्यावर २९. रिपोर्टवर १.२ ला फुली नसते, ‘नॉर्मल’ म्हणून पान उलटलं जातं. प्रत्यक्षात क्षमता ३० च्या खाली आहे, एनॉक्सापॅरिन शरीरात साचणार आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जखमेतून रक्त पाझरणार. अशा आजींना साधं हेपॅरिन ५,००० युनिट दर १२ तासांनी चामडीखाली दिलेलं बरं. त्याचा परिणाम लवकर ओसरतो आणि प्रोटॅमिन या उताऱ्याने पूर्ण उलटवता येतो.

साध्या हेपॅरिनची बाटली मात्र दोनदा वाचा. ५ मिलीची बाटली ५,००० युनिटचीही येते आणि २५,००० युनिटचीही. २५,००० च्या बाटलीतलं १ मिली म्हणजे ५,००० युनिट. पूर्ण बाटली ओढली तर पाचपट डोस जातो. दोन्ही प्रकार एकाच ट्रेमध्ये ठेवू नका, शक्य तर वॉर्डात एकच ठेवा.

कोणती गोळी कधी थांबवायची

ॲसिट्रॉम, म्हणजे ॲसेनोकूमारॉल, ३ दिवस आधी. वॉरफरिन ५ दिवस आधी. दोन्हींसाठी आदल्या दिवशी आयएनआर, तो १.५ च्या खाली हवा. जास्त आला तर व्हिटॅमिन के १ ते २ मि.ग्रॅ. तोंडावाटे, इंजेक्शनचंच द्रावण पाजलं तरी चालतं. १० मि.ग्रॅ. देऊ नका. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णात मग पुढे बरेच दिवस आयएनआर वर चढत नाही आणि झडपेवरच गुठळी बसते.

एपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या: साध्या ऑपरेशनला १ दिवस आधी, रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर २ दिवस आधी बंद. डॅबिगॅट्रानही तसंच, पण मूत्रपिंडाची क्षमता ५० च्या खाली असेल तर अनुक्रमे २ आणि ४ दिवस. या गोळ्या बंद असताना मध्ये हेपॅरिन देऊ नये. ऑपरेशननंतर साध्याला २४ तासांनी, मोठ्याला ४८ ते ७२ तासांनी पुन्हा सुरू.

हृदयाची लय बिघडली म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांतही मधल्या दिवसांत हेपॅरिन देण्याची जुनी सवय सोडायला हवी. २०१५ च्या ब्रिज चाचणीत हेपॅरिन न दिलेल्यांना गुठळ्या जास्त झाल्या नाहीत आणि मोठे रक्तस्राव कमी झाले. कृत्रिम मायट्रल झडप ही वेगळी गोष्ट. संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन ती बदललेले तरुण रुग्ण आपल्याकडे आहेत. त्यांचं ठरवून करायचं ऑपरेशन तालुक्यात करू नये, हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी पाठवावं.

क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी, प्रासुग्रेल ७ दिवस आधी. स्टेंट असेल तर आधी तारीख विचारा. नव्या औषधी स्टेंटवर पहिल्या ६ महिन्यांत, आणि हार्ट अटॅकनंतर बसवला असेल तर वर्षभर, टाळता येणारं ऑपरेशन पुढे ढकला. स्टेंटच्या रुग्णाची ॲस्पिरिन सहसा चालूच ठेवायची.

गोळी थांबवायची सूचना तारखेने दिली तर विसरली जाते. चिठ्ठीवर वार लिहा: ‘बुधवारी रात्री शेवटची गोळी, गुरुवारपासून नाही.’ आठवडी बाजाराचा वार घरात सगळ्यांच्या लक्षात असतो, तो धरून सांगितलं तर चुकत नाही.

ऑपरेशनचा दिवस

‘रात्री बारापासून पाणी बंद’ ही सूचना काढून टाका. भुलीच्या २ तास आधीपर्यंत साधं पाणी, साखरपाणी किंवा दूध न घातलेला चहा देता येतो. अन्न ६ तास आधी बंद. पोटात आतड्याचा अडथळा आहे किंवा बाई कळा देत आहे, अशांना हे लागू नाही. यादीत शेवटी असलेला रुग्ण मे महिन्यात दुपारी दोनपर्यंत कोरडा बसत असेल तर त्याला वॉर्डातच सलाईन सुरू करा.

रक्तस्राव अपेक्षित असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, म्हणजे ५०० मि.ग्रॅ.चे दोन अँप्यूल, चीर देण्याआधी १० मिनिटांत सावकाश शिरेतून. २०२२ च्या पॉईज-३ चाचणीत सुरुवातीला आणि शेवटी १ ग्रॅम दिल्यावर गंभीर रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आला. सध्या गुठळी असलेल्याला देऊ नये, फिट येणाऱ्याला जपून.

इथे एक जीवघेणी चूक होते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा अँप्यूल आणि मणक्यातल्या भुलीच्या बुपिव्हॅकेनचा अँप्यूल दिसायला सारखे असू शकतात. ट्रॅनेक्झॅमिक मणक्यात गेलं तर कंबरेत-पायांत भयंकर वेदना, झटके येतात आणि बरेचदा जीव जातो. ते भुलीच्या ट्रॉलीवर कधीच ठेवू नका. वेगळ्या कपाटात, वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवा आणि मणक्यात भरायचं औषध दोघांनी मोठ्याने वाचूनच ओढा.

मणक्यातली भूल आणि एनॉक्सापॅरिन यांच्यातलं अंतर भिंतीवर लिहून लावा:

- गुठळी टाळण्याचा डोस दिल्यावर १२ तास मणक्यात सुई नाही. उपचाराचा मोठा डोस असेल तर २४ तास.
- सुई टोचल्यापासून १२ तासांनी पहिला डोस.
- पाठीत एपिड्युरलची (भुलीचं औषध सोडायची) नळी असेल तर शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी ती काढा आणि काढल्यावर निदान ४ तासांनी पुढचा डोस.
- साधं हेपॅरिन ५,००० युनिट दिलं असेल तर सुईआधी ४ ते ६ तास.

हाड मोडून ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या रुग्णाला दाखल झाल्यापासूनच इंजेक्शन सुरू करायचं असतं. त्याची वेळ रात्री ९ ठेवा. बहुतेक ठिकाणी ८ ला ड्यूटी बदलते, त्या गडबडीत डोस राहतो किंवा दोनदा जातो. ९ ला दिलं की सकाळी ९ नंतर मणक्यात सुई देता येते. सुई साडेनऊला गेली तर त्या रात्रीचा डोस साडेनऊला, आणि त्याआधी जखम, ड्रेन (जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी) आणि नाडी पाहून. रक्त अजून वाहत असेल तर डोस पुढे ढकला आणि का ढकलला ते लिहा. नुसती रिकामी जागा सोडली तर सकाळची सिस्टर ‘दिला असेल’ असं धरते.

भूल उतरल्यावर पायांत पुन्हा अशक्तपणा आला, पाठ दुखू लागली, लघवी अडली तर मणक्यात रक्त साचल्याचं समजून त्याच तासाला एमआरआय आणि न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी पाठवा. ८ तासांच्या आत दाब मोकळा केला तर पाय वाचण्याची शक्यता बरीच असते.

इंजेक्शन पोटावर कसं द्यायचं

रुग्णाला पाठीवर झोपवा. बेंबीपासून चार बोटं बाजूला, कमरेकडच्या मऊ भागावर जागा निवडा. आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका, तो काढताना औषधाचा थेंबही जातो. पूर्ण सिरिंजचा डोस द्यायचा नसेल तेव्हाच जास्तीचं औषध आधी काढायचं. चिमटीत चामडी धरा, सुई सरळ आत पूर्ण घाला, सावकाश ढकला आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडू नका. नंतर कापूस नुसता धरा. चोळलं की काळानिळा डाग पडतो, आणि तो डाग पाहून नातेवाईक पुढचं इंजेक्शन नाकारतात. सिरिंज गोठू देऊ नका. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटातही ठेवू नका, खोक्यावर लिहिलेलं तापमान पाळा.

इंजेक्शन सुरू होण्याआधी प्लेटलेट मोजलेल्या असाव्यात, आणि पाचव्या दिवसापासून पुन्हा मोजाव्यात. निम्म्याहून खाली उतरल्या तर हेपॅरिनमुळे झालेला उलटा परिणाम समजून सगळ्या प्रकारचं हेपॅरिन ताबडतोब बंद. यात प्लेटलेट कमी होतात आणि गुठळ्या वाढतात, म्हणून नुसतं बंद करून भागत नाही. दुसऱ्या औषधासाठी रुग्ण पाठवा.

पाय हलते ठेवा

पोटरीचे स्नायू हाच पायातल्या शिरांचा पंप. भूल उतरली की जागेपणी दर तासाला पाऊल वर-खाली दहा वेळा. हे काम सिस्टरने एकदा दाखवून सोबतच्या नातेवाइकाकडे सोपवायचं. पोटाच्या ऑपरेशनचा रुग्ण त्याच संध्याकाळी खाटेवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या आधाराने उभा करा. चालता यावं म्हणून दुखणं कमी असायला हवं, तेव्हा पॅरासिटामॉल ठरल्या वेळी द्या, मागण्याची वाट पाहू नका. गुडघ्याखाली उशी नको, तिथे शीर दाबली जाते.

पायाला हवेने दाब देणारं मशीन असेल तर ते दिवसाचे निदान १८ तास चालायला हवं. दोन तास लावून काढलेल्या मशीनचा उपयोग नाही. लांब दाबाचे मोजे मोजमाप घेऊनच. इंजेक्शन चालू असताना त्यांचा वेगळा फायदा फारसा नाही, असं २०२० च्या गॅप्स चाचणीत दिसलं. त्याच पैशात इंजेक्शनाचा कोर्स पूर्ण झालेला बरा. मोज्याऐवजी इलॅस्टिक क्रेप बँडेज गुडघ्याजवळ घट्ट गुंडाळतात, तेव्हा खालचं रक्त अडून उलट गुठळीला मदतच होते. पायाची नाडी लागत नसेल तर मोजे, बँडेज, मशीन काहीच नको.

सुजलेल्या पोटरीला मालिश ही आपल्याकडची हमखास चूक. तेल लावून जोरात चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसला तर हात न लावता डॉक्टरला दाखवा.

सिझरच्या बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवर ठेवण्याची रीत आहे, आणि टाके पिकतील म्हणून पाणीही बेतानेच देतात. पाणी कमी आणि हालचाल कमी, दोन्हींनी गुठळी होते, कधी मेंदूतल्या शिरेतही. बाळंतिणीला जोराचं डोकं दुखू लागलं, नजर अंधुक झाली किंवा फिट आली तर ‘बाधा’ समजून वेळ घालवू नका. सासूबाईंशी हे बोलणं सुट्टीच्या आधीच व्हायला हवं, कारण घरी निर्णय त्याच घेतात. बाळंतिणीने रोज दोन-अडीच लिटर पाणी प्यावं आणि अंगणात फिरावं.

सिकलसेल आणि घोणस

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या भागांतल्या रुग्णाची सिकलसेल तपासणी झाल्याशिवाय ठरवून करायचं ऑपरेशन करू नये. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी वाहक आहे की आजारी हे कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी चाचणी लागते. आजारी असेल तर गुठळीचा धोका जास्त धरा. ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन १० च्या जवळ आणा, पण त्याच्या फार वर नेऊ नका, रक्त घट्ट होतं. मुळातच ९ च्या वर असेल तर रक्ताची अदलाबदल करावी लागते, ती मोठ्या ठिकाणी. टेबलवर रुग्ण उबदार, ऑक्सिजन पूर्ण, सलाईन चालू. खुबा खराब झालेले सिकलसेलचे तरुण सांधे बदलायला येतात, त्यांना तर इंजेक्शनाचा पूर्ण कोर्स हवाच.

शेतीच्या दिवसांत घोणस चावलेला, पाय टम्म सुजलेला रुग्ण येतो आणि चामडी चिरून दाब मोकळा करा असा आग्रह होतो. आधी रक्त गोठतं का ते पाहा. नवी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब घ्या. साबणाने धुतलेली नको, प्लास्टिकची नको. ताजं रक्त २ मिली घालून २० मिनिटं स्टँडला अजिबात न हलवता ठेवा, मग एकदाच तिरकी करा. पातळ वाहिलं तर सापाच्या विषाने गोठण्याचे घटक संपवले आहेत. प्रतिविषाच्या १० कुप्या तासाभरात, ६ तासांनी पुन्हा तीच चाचणी, अजून गोठत नसेल तर पुन्हा डोस. रक्त गोठेपर्यंत सुरी लावायची नाही, लावली तर रक्त थांबत नाही. या रुग्णांना हेपॅरिन देऊ नये, आणि प्रतिविषाची जागा प्लाझ्मा घेत नाही.

रक्तस्राव सुरू झाला तर

बीपी उशिरा पडतं, नाडी आधी वाढते. नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा झाला की रुग्ण धोक्यात आहे असं समजा. ड्रेनमधून तासाला १०० मिलीच्या वर ताजं लाल रक्त येत असेल तर सर्जनला बोलवा, दर १५ मिनिटांनी आकडा लिहा. भिजलेले पॅड वजन करून मोजा. १ ग्रॅम म्हणजे १ मिली. डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी कमी भरतो.

वरची जखम असेल तर १० मिनिटं सलग दाब, मध्ये उचलून पाहायचं नाही. त्याच वेळी पुढचा डोस रोखा आणि शेवटचा डोस किती वाजता गेला ते पाहा. साध्या हेपॅरिनसाठी प्रोटॅमिन: शेवटच्या २-३ तासांत गेलेल्या दर १०० युनिटला १ मि.ग्रॅ., जास्तीत जास्त ५०, सावकाश १० मिनिटांत. भरभर दिलं तर बीपी कोसळतं. एनॉक्सापॅरिन ८ तासांच्या आत दिलं असेल तर दर मि.ग्रॅ.ला १ मि.ग्रॅ., ८ ते १२ तासांत अर्धा मि.ग्रॅ. त्याने पूर्ण परिणाम उलटत नाही हे लक्षात ठेवा. वॉरफरिन-ॲसिट्रॉमच्या रुग्णाला व्हिटॅमिन के ५ ते १० मि.ग्रॅ. सावकाश शिरेतून, आणि प्लाझ्मा किलोला १५ मिली. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ट्रॅनेक्झॅमिक १ ग्रॅम ३ तासांच्या आत, अर्ध्या तासाने रक्त चालूच असेल तर आणखी १ ग्रॅम. अपघातातही पहिल्या ३ तासांतच, नंतर दिलं तर नुकसान.

रुग्ण गार पडू देऊ नका, थंड अंगात रक्त नीट गोठत नाही. ऑपरेशन थिएटरमधला एसी बंद करा, ब्लँकेट घाला. रक्ताची पिशवी गरम पाण्याच्या भांड्यात टाकू नका, पेशी फुटतात. चार पिशव्या गेल्या की कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली सावकाश. आणि आतून धमनी वाहत असेल तर औषधांत वेळ न घालवता पुन्हा पोट उघडा. टाका हाच तिथला उपचार.

रक्तस्राव थांबून २४ ते ४८ तास शांत गेले की गुठळीचा विचार पुन्हा करायचा असतो. भरपूर रक्त गेलेल्या आणि रक्त चढवलेल्या रुग्णाला गुठळीचा धोका उलट वाढलेला असतो. तोवर पायाचं मशीन आणि व्यायाम चालू ठेवा.

गुठळीचा संशय आला तर

एका पायाला सूज, पोटरीत दुखणं, किंवा अचानक दम, छातीत कळ, ऑक्सिजन ९० च्या खाली, नाडी १०० च्या वर. ऑपरेशननंतर गुठळीच्या संशयासाठीचा डी-डायमर (रक्तचाचणी) करू नका, तो असाही वाढलेलाच असतो. सोनोग्राफीत जांघेतली आणि गुडघ्यामागची शीर प्रोबने दाबली तर चपटी व्हायला हवी, झाली नाही तर गुठळी. दम लागलेल्याला ऑक्सिजन द्या आणि नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा एम्स, सेवाग्राम, नाहीतर जवळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी सीटी असलेलं ठिकाण गाठा. ऑपरेशनला २४ तास उलटले असतील आणि जखम कोरडी असेल तर वरिष्ठांशी फोनवर बोलून निघण्याआधीच एनॉक्सापॅरिन किलोला १ मि.ग्रॅ. किंवा हेपॅरिन किलोला ८० युनिट शिरेतून द्या, मूत्रपिंड कमजोर असेल तर हेपॅरिनच. रेफर चिठ्ठीवर दिलेली वेळ मोठ्या अक्षरात लिहा. ताज्या ऑपरेशनवर गुठळी विरघळवणारं औषध तालुक्यात देऊ नये.

सुट्टीच्या कागदावर

खुब्याच्या सांधेबदलाला रिव्हारॉक्साबॅन १० मि.ग्रॅ. रोज ३५ दिवस, गुडघ्याच्या सांधेबदलाला १४ दिवसांपर्यंत. कॅन्सरच्या पोटाच्या ऑपरेशनला एनॉक्सापॅरिन एकूण २८ दिवस. ज्या मोडलेल्या हाडावर ऑपरेशन झालं आहे आणि महाग औषध परवडणार नाही, तिथे ॲस्पिरिन दिवसातून दोनदा हा पर्याय टिकणारा आहे. २०२३ च्या प्रिव्हेंट क्लॉट चाचणीत ८१ मि.ग्रॅ. दोनदा देऊन मृत्यूचं प्रमाण एनॉक्सापॅरिनच्या तुलनेत वाढलं नाही. आपल्याकडे ७५ ची गोळी मिळते. सांधेबदलाला मात्र सुरुवातीपासून नुसत्या ॲस्पिरिनवर राहू नये.

सगळी औषधं सुट्टीच्या दिवशीच हातात द्या, ‘गावात घ्या’ म्हटलं की कोर्स तिथेच तुटतो. इंजेक्शन असेल तर गावातली आशाताई किंवा उपकेंद्राची सिस्टर देईल का, हे आधी फोन करून पक्कं करा. वापरलेल्या सिरिंज झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकून पुढच्या तपासणीला परत आणायला सांगा. कागदावर चार ओळी पुरतात: औषधाचं नाव, रोजची वेळ, शेवटचा वार आणि तारीख, आणि कशासाठी ताबडतोब १०८ ला फोन करायचा. पाय एकीकडे सुजणं, दम लागणं, काळी शी, न थांबणारं रक्त, बाळंतिणीचं जोरात डोकं दुखणं. कागद वाचू शकणाऱ्या घरातल्या एकाला समोर बसवून तो मोठ्याने वाचून घ्या.